मास्तरांचं स्टेशन बसत नाही

रविवारी दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी डिग्रीने त्या फाइलवर पहिल्यांदा दोन टिचक्या मारल्या आणि काहीही झालं नाही. बाणाशेजारी एक निळं कडं उगवलं, त्याने दोन गिरक्या घेतल्या आणि ते आल्या पावली परत गेलं. वेळ एवढी नक्की सांगता येते, कारण शेजारी स्टुलावर बसलेल्या मास्तरांनी ती ताबडतोब वहीत टिपून घेतली. पुढे लिहिलं, 'पहिला प्रयत्न. हालचाल नाही.'

मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नसावी असं त्यांच्याकडे बघून वाटे. ज्या खोलीत कॉम्प्युटर होता तिला घरात 'केबिन' म्हणत. केबिनमध्ये चार घड्याळं होती. एक भिंतीवर, एक मास्तरांच्या मनगटावर, एक साखळीचं त्यांच्या खिशात आणि एक पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात. चारही सेकंदाला सेकंद जुळलेली. रोज सकाळी दाढी झाली की मास्तर ती तपासत. मास्तर दूध आणायला बाहेर पडले की समोरचा दुकानदार आपलं घड्याळ लावून घेई. एकदा पाहणीला आलेल्या बड्या साहेबाला मास्तरांनी 'साहेब, आपण सव्वा मिनिट मागे आहात' असं तोंडावर सांगितलं होतं, आणि साहेबाने मुकाट्याने काटा पुढे सरकवला होता. ही गोष्ट या घरात पाहुण्याला पाण्याच्या पेल्याबरोबर मिळे. डिग्रीला ती तीनदा मिळाली होती.

डिग्री टायरच्या दुकानात कामाला होता. गाडीची चाकं सरळ करायचं जे मशीन असतं त्याचा कॉम्प्युटर तो चालवायचा. कुठलं चाक किती अंश कललंय हे तो मशीन लावायच्या आधी नुसतं वाकून सांगे, म्हणून दुकानात त्याचं नाव डिग्री पडलं. दुसरी कुठली डिग्री त्याच्याकडे नव्हती. मास्तरांच्या धाकट्या मुलीने घरी सांगताना 'तो कॉम्प्युटरवर काम करतो' एवढंच सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या कॉम्प्युटरवर चार चाकं दिसत. वाकडं ते लाल, सरळ ते हिरवं. यापलीकडे त्या कॉम्प्युटरने डिग्रीला कधी काही विचारलं नव्हतं आणि डिग्रीनेही त्याला काही विचारलं नव्हतं. दोघांचं बरं चाललं होतं.

आता हा माणूस केबिनमध्ये घाम पुसत का बसला होता, तर त्याला धाकटीशी लग्न करायचं होतं. धाकटीलाही त्याच्याशी करायचं होतं. काकूंची, म्हणजे तिच्या आईची, हरकत नव्हती. मास्तरांचीही हरकत नव्हती, कारण हरकत घ्यायला आधी काहीतरी बोलावं लागतं. मास्तर चार महिने फक्त 'बघू' म्हणत होते. थोरलीच्या वेळी हा 'बघू' दीड वर्ष चालला होता. पण धाकटी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती आणि फेब्रुवारीत तिची दूरच्या गावी बदली होती. दीड वर्षाचा 'बघू' तिला परवडणारा नव्हता. एकट्याने तिकडे जायचं आणि दर दोन महिन्यांनी सुट्टी काढून बापाचा 'बघू' ऐकायला यायचं, हे तिला पटत नव्हतं.

शेवटी मागच्या आठवड्यात मास्तरांनी तोंड उघडलं. धाकटीला म्हणाले, त्यांना कॉम्प्युटर येतो ना, मग माझं स्टेशन बसवून देऊ दे. मग बोलू.

स्टेशनची भानगड अशी. मास्तर कॉम्प्युटरवर रेल्वेचा एक गेम खेळत. इतर लोक गेममध्ये माणसं मारतात, मास्तर सिग्नल पाडत. एक छोटं स्टेशन सांभाळायचं, गाड्या वेळेवर काढायच्या, आणि बरेच दिवस चूक झाली नाही की गेम मोठ्या स्टेशनवर बढती देतो. मास्तरांना गेमने आजवर चाळीस वेळा बढती देऊ केली होती. प्रत्येक वेळी मास्तरांनी 'नको' दाबलं होतं. कारण विचारलं तर म्हणत, मी बदली मागितलेली नाही.

अशा गेममध्ये बाहेरचे हौशी लोक आपापली भर घालतात. कुणी नवीन इंजिन करतं, कुणी पूल. या भरीला 'मॉड' म्हणतात, आणि ती गेममध्ये बसवून देणारी जी फाइल असते तिला इन्स्टॉलर. धाकटीला इंटरनेटवर असा एक मॉड सापडला होता, आणि त्यात हुबेहूब मास्तरांचं स्टेशन होतं. मास्तरांनी जिथे शेवटची नऊ वर्षं काढली तेच. करणारा कुणी अनोळखी होता. पंधरा वर्षांपूर्वी गाडी चुकल्यामुळे मी इथे सात तास अडकलो होतो, एवढंच त्याने खाली लिहिलं होतं. सात तासांत माणूस काय वाट्टेल ते पाठ करतो.

धाकटीने ते स्टेशन ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हमध्ये भरून आणलं. घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट उघडायचं नाही. ते कित्येक वर्षांपूर्वी 'बिघडलं' होतं आणि मास्तरांना त्याची उणीव भासली नव्हती.

तर तीन वाजून चार मिनिटं.

दुसऱ्या प्रयत्नात डिग्रीने उजवी टिचकी मारली आणि 'अधिकाऱ्याच्या हक्काने चालवा' असं जे असतं ते निवडलं. मास्तर म्हणाले, या घरात अधिकारी मी आहे. कॉम्प्युटरचंही तेच म्हणणं होतं. त्याने अधिकाऱ्याचा पासवर्ड मागितला. मास्तरांनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. डिग्री उभा राहिला, धाकटी उभी राहिली, ताटलीत बिस्किटं घेऊन आत आलेल्या काकूही ताटलीसकट उभ्या राहिल्या. मागे मास्तरांचं एक बोट एकेक अक्षर शोधत होतं. पासवर्ड मोठा असावा, किंवा बोट सावकाश असावं. दोन मिनिटांनी 'वळा' असा हुकूम आला. पडद्यावर लिहिलं होतं की या फाइलवरची सही ग्राह्य धरता येत नाही.

"सही खोटी आहे?" मास्तरांनी विचारलं.

डिग्री म्हणाला की तसं नाही, ती कॉम्प्युटरची आतली सही असते, माणसाची नव्हे. मास्तर म्हणाले की एकतीस वर्षांत त्यांनी सही ग्राह्य नसलेला एक कागद पुढे सरकवला नाही, मग तो आतला असो की बाहेरचा. वहीत नोंद झाली.

तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी डिग्रीच्या लक्षात आलं की पेनड्राइव्हवरून चालवणं हीच चूक असणार. त्याने फाइल पडद्यावर ओढून आणली. ती आली, मधोमध बसली, दोन टिचक्या खाल्ल्या आणि गप्प राहिली. चौथ्यात त्याने फाइलचं लांबलचक नाव बदलून नुसतं 'स्टेशन' केलं. पाचव्यात धाकटीच्या सांगण्यावरून जुन्या पद्धतीने चालव असा खुणेचा चौकोन टिचकावला. दर वेळी पासवर्ड, दर वेळी भिंत. त्या भिंतीवर एक रंगाचा पोपडा होता. सुरुवातीला डिग्रीला तो नुसता पोपडा वाटला होता. पाचव्या वेळेपर्यंत त्याला त्यात एक नाक दिसायला लागलं.

सहाव्या प्रयत्नात कॉम्प्युटरने तक्रार बदलली, म्हणून सगळ्यांना जरा बरं वाटलं. आता तो म्हणत होता की इन्स्टॉलर चालवायला लागणारी एक फाइल इथे नाहीच. डिग्रीने फोनवर शोधलं. ती फाइल एका जोडगठ्ठ्यात मिळते असं कळलं. तो गठ्ठा फोनवर उतरवून वायरने कॉम्प्युटरमध्ये घेतला. भिंत. पासवर्ड. गठ्ठा म्हणाला की मला बसवण्यासाठी आधी दुसरा एक गठ्ठा लागतो. दुसरा गठ्ठा आणला. भिंत. पासवर्ड. दुसरा गठ्ठा म्हणाला की माझी सही ग्राह्य नाही.

काकू म्हणाल्या, "आमच्या ऑफिसात असंच होतं. या खिडकीवर गेलं की त्या खिडकीवर पाठवायचे. तिथे गेलं की जेवणाची सुट्टी." आणि ताटली टेबलावर ठेवून निघून गेल्या.

डिग्रीला खरं म्हणजे घरी जायचं होतं. तो चिडला होता, पण सासुरवाडी अजून झाली नव्हती, त्यामुळे चिडायची सोय नव्हती. जी होणार असते तिथे चिडता येत नाही आणि जी झाली तिथे चिडून उपयोग नसतो, असं त्याचा उस्ताद म्हणायचा. त्याने चेहऱ्यावर 'यात विशेष काही नाही' असा भाव आणला आणि तो तिथेच अडकवून ठेवला. फोनवर तो अनोळखी माणसांचे सल्ले वाचत होता. एकाने लिहिलं होतं, व्हायरसपासून राखण करणारी जी व्यवस्था असते ती बंद करा. दुसऱ्याने लिहिलं होतं, पहिल्याचं ऐकू नका. तिसऱ्याने अगदी हाच प्रश्न विचारला होता आणि खाली स्वतःच उत्तर दिलं होतं, 'सापडलं, किती सोपं होतं, धन्यवाद.' काय सापडलं ते लिहिलं नव्हतं. या तिसऱ्या माणसाचा पत्ता मिळाला असता तर डिग्री त्याच्या घरी गेला असता. नुसता दारात उभा राहिला असता.

राखणदार बंद करण्याआधी मास्तरांनी जबाबदारी कुणाची ते विचारलं. डिग्री म्हणाला, माझी. मास्तरांनी वहीत तसं लिहून पुढे त्याला सही करायला लावली. ही सही ग्राह्य धरण्यात आली. राखणदार बंद झाला. फाइल चालली नाही. राखणदार चालू केला, तेव्हा तो 'स्टेशन' नावाची फाइल उचलून कोठडीत टाकून आला. ती तिथून सोडवून आणायला पासवर्ड लागला.

मग बंद करून पुन्हा चालू करायचं ठरलं. हा उपाय सगळ्यांनाच ठाऊक होता आणि ज्याने त्याने तो दुसरा कुणीतरी सुचवील म्हणून राखून ठेवला होता. कॉम्प्युटर बंद व्हायला चार मिनिटं लागली आणि चालू व्हायला सात. या अकरा मिनिटांत मास्तर आणि डिग्री एकमेकांशेजारी बसून काळ्या पडद्यातल्या आपापल्या प्रतिबिंबाकडे बघत होते. बोलायला चांगली संधी होती. डिग्रीने एकदा घसा साफ केला, तेव्हा मास्तरांनी पाणी पुढे केलं.

धाकटी दाराशी उभी होती. ती डिग्रीला खुणेने बाहेर घेऊन गेली आणि पॅसेजमध्ये हळूच म्हणाली की नाही जमलं तर राहू दे, मी बाबांशी सरळ बोलते. डिग्री म्हणाला, बोलून चार महिने झाले. ती म्हणाली, मग न विचारता करू. डिग्री म्हणाला की ते करता येईल, पण मग ती दर सुट्टीला इथे येणार आणि केबिनचं दार लावलेलं असणार. तिच्या डोळ्यांवरून कळलं की तिने या दाराचा विचार आधीच केलेला होता.

"तू कुणाला तरी विचार ना," ती म्हणाली. "ज्याला कळतं असं कुणी."

डिग्रीच्या ओळखीत ज्याला कळतं असा एकच माणूस होता, टायरच्या दुकानातला उस्ताद. कॉम्प्युटरमधलं त्याला काही कळत नव्हतं, पण कळतं असा त्याचा स्वभाव होता. उस्ताद दुपारची झोप घेत होता. उठवल्याबद्दल त्याने आधी डिग्रीला यथेच्छ सुनावलं. मग विचारलं, गाडी कोणती.

"रेल्वे," डिग्री म्हणाला.

"रेल्वेची चाकं आपण करत नाही."

डिग्रीने त्याला सगळं सांगितलं. पहिली फाइल नाही चालत, गठ्ठा नाही चालत, गठ्ठ्याचा गठ्ठा नाही चालत, इंटरनेट तर वर्षानुवर्षं उघडत नाही. उस्तादाने जांभई दिली.

"म्हणजे चारही चाकं लाल."

"सगळं लाल आहे, उस्ताद."

"चारही लाल दाखवलं तर चाकांना हात लावायचा नाही, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. एखादं चाक वाकडं असतं. चारही एकदम कशी वाकडी होतील? तेव्हा मशीन ज्या फरशीवर उभं आहे ती बघायची. मशीन ज्याला सरळ धरून मोजतं तेच तिरकं असतं. ठेव आता."

डिग्री केबिनमध्ये परत आला आणि काही न करता उभा राहिला. कॉम्प्युटर सरळ काय धरतो? सहीला मुदत असते, हे त्याला गाडीच्या कागदपत्रांवरून ठाऊक होतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. मुदत आहे की नाही हे कॉम्प्युटर कशावरून ठरवणार? त्याने पडद्याचा उजवा कोपरा बघितला. पाच वाजून एकवीस मिनिटं. भिंतीवर पाच एकवीस. मास्तरांच्या मनगटावरही पाच एकवीसच असणार, त्यात शंका नव्हती. पडद्यावरच्या वेळेखाली तारीख असते, इथे नव्हती. तळाची पट्टी बारीक करून ठेवली होती आणि तिच्यात फक्त वेळ मावत होती.

त्याने वेळेवर टिचकी मारली. कॅलेंडर उघडलं. दिवस आजचा होता. महिना नोव्हेंबर, तोही बरोबर. वार मात्र रविवार नव्हता. मग त्याने वरचं वर्ष वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो स्टुलावरच्या त्या माणसाकडे वळला. याच माणसाने बड्या साहेबाला सव्वा मिनिट पुढे ढकललं होतं. डिग्रीच्या डोळ्यांपुढे चार महिने, फेब्रुवारी आणि केबिनचं बंद दार एका ओळीत उभं राहिलं. न सांगता चोरून तारीख बदलता आली असती. पण त्यालाही पासवर्ड लागत होता.

"काका," तो म्हणाला, "तुमचं घड्याळ चुकलंय."

पॅसेजमध्ये काकूंच्या हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. धाकटीने डोळे मिटून घेतले. मास्तरांनी शांतपणे मनगट पाहिलं, खिशातून साखळीचं काढून ते पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"तीन घड्याळं साक्षीला आहेत. सेकंदाचा फरक नाही."

"सेकंदाचा नाहीच. वर्षांचा आहे. अकरा."

"ते होय," मास्तर म्हणाले. "ते मी केलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते इतकं मुद्देसूद होतं की ऐकताना क्षणभर वाटे, आपणच वेडे आहोत. गेममधलं वेळापत्रक मास्तरांनी हाताने भरलेलं होतं, नोकरीच्या शेवटच्या वर्षाचं. गेम कॉम्प्युटरची तारीख बघून गाड्या सोडतो. एकतीस डिसेंबरला वेळापत्रक संपतं आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर एकही गाडी येत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी एक जानेवारीला रिकाम्या रुळांकडे बघत सकाळ काढली. दुपारी तारीख एक वर्ष मागे नेली. तेव्हापासून दर एक जानेवारीला नेतात.

"म्हणजे एकच वर्ष…" डिग्री म्हणाला.

"अकरा वेळा वापरलं. चांगलं वर्ष आहे. एकही अपघात नाही."

डिग्रीला सव्वादोन तास आठवले. पोपड्यातलं नाक आठवलं. चेहऱ्यावर अडकवून ठेवलेला भाव निसटला आणि खाली पडला. तो म्हणाला की काका, हे तुम्ही मला तीन वाजताच सांगायला हवं होतं. इतक्या सह्या तपासल्या, गठ्ठे आणले, सगळं एकाच कारणाने अडलं होतं. ज्या सह्यांची मुदत अजून सुरूच झाली नाही असं तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय, त्या तो कशा मान्य करील? इंटरनेटही त्यामुळेच बंद आहे, बिघडलेलं नाही. हे तो मोठ्या आवाजात म्हणाला. या घरात त्याने पहिल्यांदाच आवाज चढवला होता.

मास्तर म्हणाले, "तुम्ही वेळ विचारली असती तर सांगितली असती. वर्ष कुणी विचारतं का?"

धाकटी आत आली. पडद्यावर उघड्या राहिलेल्या कॅलेंडरकडे तिने जरा वेळ पाहिलं.

"बाबा, या कॉम्प्युटरमध्ये मी केवढी आहे?"

"चौदा," मास्तर लगेच म्हणाले. हिशेब करायला त्यांना क्षणभरही लागला नाही. "नववीत. शाळेतून थेट स्टेशनवर यायचीस. पाच चाळीसची गाडी जाईपर्यंत बाकावर बसून गणितं करायचीस. चुकवायचीस."

"म्हणून चार महिने 'बघू' चाललंय होय," काकू दारातून म्हणाल्या. "बरोबरच आहे यांचं. नववीतल्या मुलीचं लग्न कोण ठरवतं?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. मग ते खुर्चीकडे आले. डिग्रीने तारीख बदलायला टिचकी मारली आणि तो बाजूला झाला. पासवर्ड मागणारी चौकट उघडी होती. डिग्री सवयीने भिंतीकडे वळायला लागला, तसे मास्तर म्हणाले, राहू दे, आणि सगळ्यांदेखत टाइप केला. पासवर्ड म्हणजे त्या स्टेशनचं नाव होतं, पुढे काही नाही, मागे काही नाही. कुणीही पहिल्या फटक्यात ओळखला असता.

तारीख आजची झाली. डिग्रीने दोन टिचक्या मारल्या. निळं कडं उगवलं, गिरकी घेतली आणि एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरसर भरत गेली. चाळीस सेकंद. सव्वादोन तासांच्या मेहनतीनंतर चाळीस सेकंदांत काही झालं की आनंद होत नाही, अपमान वाटतो. डिग्रीला तो पुरेपूर वाटला.

गेम उघडला आणि मास्तर पडद्यापाशी वाकले. ते फलाटावरून सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले. पाण्याची टाकी बघितली. तिच्यावरचा गंजाचा डाग बघितला. पाण्याच्या नळाची तोटी डावीकडे फिरते, इथे उजवीकडे फिरवलीय, असं त्यांनी नोंदवलं. बाक जागच्या जागी होता. तिथे ते जरा जास्त वेळ थांबले. मग त्यांनी स्टेशनच्या खिडकीतून आत डोकावलं. आत टेबल होतं, टेबलावर वही होती आणि खुर्चीत एक छोटा स्टेशनमास्तर मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपला होता. अधूनमधून त्याची छाती वरखाली होत होती. करणाऱ्याने त्यावर बरीच मेहनत घेतलेली दिसत होती.

"मी कामावर झोपत नसे," मास्तर म्हणाले.

"अहो, झोपायचात," काकू म्हणाल्या. "मी डबा घेऊन यायचे तेव्हा बघायचे ना."

"डोळे मिटून विचार करायचो."

"तोंड उघडं ठेवून?"

धाकटीला हसू आवरेना, म्हणून ती खिडकीकडे वळली. डिग्री हसला नाही. त्याच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. जे खरं होतं ते आता सांगून टाकावं, म्हणून तो म्हणाला की काका, एकदा बसलंय म्हटल्यावर तारीख परत मागे नेली तरी हे चालेल, तुमच्या गाड्याही पूर्वीसारख्या येतील. नेऊ का? हे सांगताना आपण आपल्याच पायावर धोंडा पाडतोय हे त्याला कळत होतं. पण वाकडं आहे ते सरळ आहे असं गिऱ्हाइकाला त्याने आजवर सांगितलं नव्हतं.

मास्तर झोपलेल्या मास्तरकडे बघत होते. रुळांवर काहीच नव्हतं. आजच्या तारखेला त्या स्टेशनवर एकही गाडी नव्हती आणि झोपलेल्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "असू दे आजचीच."

मग त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला आणि उजव्या कोपऱ्यातल्या वेळेवर टिचकी मारली. कॅलेंडर उघडलं. त्यांनी बाण दाबला, नोव्हेंबरचा डिसेंबर झाला. इथे त्यांचा हात थांबला. अकरा वर्षं ते कॅलेंडर डिसेंबरच्या पुढे गेलं नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि बाण पुन्हा दाबला. जानेवारी आला. कोरा होता, सगळ्या जानेवारींसारखाच.

"हिची बदली फेब्रुवारीत ना? मग जानेवारीतच उरकायला हवं. तू कुठला दिवस म्हणतोस?"

धाकटी खिडकीपासून वळली. डिग्रीने चार महिने मनात धरून ठेवलेला एक दिवस होता. तो त्याने सांगितला. मास्तर त्या दिवसाला कुठला वार येतो ते शोधायला वाकले, आणि तेवढ्यात पडदा निळा झाला. आपण अकरा वर्षं मागे पडलो होतो हे कॉम्प्युटरला आत्ता कळलं होतं, आणि त्याने तेवढ्या वर्षांच्या सगळ्या दुरुस्त्या एकदम मनावर घेतल्या होत्या. मध्ये लिहिलं होतं, काम चालू आहे, कृपया बंद करू नका. खाली लिहिलं होतं, एक टक्का.

डिग्रीच्या खिशात फोन होता आणि त्यात कॅलेंडर होतं. त्याने हात खिशात घातलाही, पण मास्तरांनी स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि बस म्हणून खूण केली. तो बसला. दोघे पडद्याकडे बघत राहिले. काकू चहा टाकायला गेल्या. वीस मिनिटांनी त्या कप घेऊन आल्या, तेव्हा चार टक्के झालं होतं, आणि टायरच्या दुकानात नक्की करतात काय, हे मास्तर त्याला पहिल्यांदाच विचारत होते.